बगिचा कोणाचा?

(भंडारा जिल्ह्यातील पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



खेड्यातील माणसाचे शहरात जाणे ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. भंडारा जिल्ह्यातून नागपूरकडे पहाटेपासून ज्या एस.टी. गाड्या सुटतात, त्यांतील उतारूंकडे पाहिले तर प्रत्येकाजवळ कामाची एक पिशवी दिसते. कोणाला डोळे दाखवावयाचे असतात, कोणाची न्यायालयात तारीख असते, कोणाचे निवृत्तिवेतनाचे कागद अडलेले असतात, तर कोणाला लग्नाचा बस्ता बांधावयाचा असतो. काम तासा-दोन तासांत आटोपते किंवा मुळीच आटोपत नाही. परतीची सोयीची गाडी मात्र सायंकाळची असते. मधला वेळ कोठे काढावा, हा प्रश्न बहुतेक जण बसस्थानकाच्या बाकावर बसूनच सोडवितात. सोबत नात किंवा नातू असेल, तर तो प्रश्न अधिक अवघड होतो. बाजारात हिंडावे तर मूल प्रत्येक दुकानासमोर थांबते, आणि उपाहारगृहात बसावे तर पंधरा मिनिटांत उठावे लागते.

या मधल्या वेळासंबंधी आणि त्या वेळात उपयोगी पडणाऱ्या सार्वजनिक उद्यानांसंबंधी येथे विचार करावयाचा आहे. विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. रस्ते, सिंचन, आरोग्य यांच्या पंक्तीत बागेला सहसा पाट मांडला जात नाही. तथापि, भंडारा जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर या विषयाला एक निराळी बाजू आहे, आणि ती ध्यानी येण्यासाठी एका आजोबांबरोबर व त्यांच्या नातीबरोबर नागपूरपर्यंत जाऊन यावे लागेल.

पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणामुळे जी गावे उठली, त्यांपैकी एखाद्या गावचे हे आजोबा आहेत असे समजावे. ही कोणा एका व्यक्तीची हकिकत नव्हे. असे आजोबा त्या भागात पुष्कळ आहेत. वय पंचाहत्तरीच्या पुढे, एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, आणि तपासणीसाठी नागपूरला बोलावलेले. दिवाळीची सुटी असल्यामुळे नऊ वर्षांची नात बरोबर निघते. आईवडील धानाच्या कापणीत गुंतलेले असतात, आणि आजोबांना पाट्या वाचून दाखवावयास कोणीतरी हवे असते. म्हणजे नात ही या प्रवासात ओझे नसून मदतनीस आहे, हे प्रथम लक्षात घ्यावे.

भाड्याचा प्रश्न पूर्वीइतका कठीण राहिलेला नाही. पंचाहत्तर वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकांना २६ ऑगस्ट २०२२ पासून राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्यांतून विनामूल्य प्रवास करता येतो. पासष्ट ते पंचाहत्तर या वयातील नागरिकांना अर्धे भाडे पडते. मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्ध्या भाड्याची सवलत आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांचे अर्धे तिकीट तर पूर्वीपासूनच आहे. वयाच्या पुराव्याचे ओळखपत्र मात्र जवळ असावे. ते घरी विसरल्यामुळे वाहकाशी होणारे वाद गावोगावी ऐकावयास मिळतात, आणि त्यात वाहकाचा दोष नसतो. ग्रामपंचायतीच्या फलकावर एवढी एक सूचना लिहून ठेवली तरी पुष्कळांचा मनस्ताप वाचेल.

भिवापूर-उमरेड मार्गे गाडी नागपूरला पोचते. डोळ्यांची तपासणी अकरा-साडेअकरापर्यंत होऊन जाते. परतीच्या गाडीस पाच तास अवकाश असतो. आणि येथेच पहिली अडचण उभी राहते. पुष्कळ शहरांतील नगरपालिकांच्या बागा सकाळी व सायंकाळी उघडतात आणि दुपारी बंद असतात. शहरवासीयांच्या दृष्टीने ही वेळ ठीकच आहे: सकाळी फिरावयास जाणारे सकाळी येतात, मुले सायंकाळी येतात, दुपारी झाडलोट होते, पहाऱ्यावरच्या माणसालाही जेवावयास सवड मिळते. परंतु बाहेरगावाहून आलेल्या माणसाला नेमकी दुपारच मोकळी असते. सकाळी तो गाडीत असतो, सायंकाळी पुन्हा गाडीत असतो. ज्याला सावलीची सर्वांत अधिक गरज आहे, त्याच्यासाठी फाटकाला कुलूप असते. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे लक्षात घेतले तर या कुलपाचा अर्थ अधिक स्पष्ट होईल. यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. वेळापत्रक करताना ह्या माणसाची आठवण झाली नाही, इतकेच.

सुदैवाने नागपुरात महाराजबाग आहे. तेथे प्राणिसंग्रहालय असल्यामुळे दिवसा प्रवेश मिळतो. आठवड्यातून एक दिवस ते बंद असते, म्हणून आधी चौकशी करून जावे. सीताबर्डीसारख्या गजबजलेल्या भागाला लागूनच ही बाग आहे. फाटकातून आत पाऊल टाकताच रस्त्याचा कोलाहल मागे पडतो. नात वाघ पाहते, बिबट्या पाहते, हरणांच्या कुंपणाजवळ बराच वेळ रेंगाळते. आजोबा एका झाडाखाली पटक्याने घाम पुसत बसतात. थोड्या वेळाने नात परत येते आणि विचारते, "आबाजी, हा बगिचा कोणाचा जी?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर साधे नाही. ही बाग नागपूरकर भोसल्यांची. महाराजांची म्हणून महाराजबाग. १८५३ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि राजाच्या इतर मालमत्तेप्रमाणे तिचेही धनी बदलले. प्राणिसंग्रहालय तेथे १८९४ साली सुरू झाले. आज ते अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीतील नागपूरच्या कृषी महाविद्यालयाकडे आहे. म्हणजे जी जागा एका घराण्याच्या विसाव्यासाठी होती, ती आज शेतकऱ्याच्या मुलांना शेतीशास्त्र शिकविणाऱ्या संस्थेकडे आहे आणि तेथे कोणीही जाऊ शकतो. आजोबांना हा सारा इतिहास ठाऊक असेलच असे नाही. ते म्हणतात, "राजाचा होता, बाई. आता आपला."

'आता आपला' हे म्हणण्यापर्यंत यावयास जगाला बराच काळ लागलेला आहे. बागा प्राचीन आहेत, पण त्या राजांच्या, सरदारांच्या, मठांच्या. लोकांच्या पैशाने, लोकांसाठी म्हणून बाग करावी हा विचार अलीकडचा. इंग्लंडमध्ये बर्कनहेड येथील उद्यान १८४७ साली खुले झाले, ते सार्वजनिक निधीतून उभारलेल्या पहिल्या उद्यानांपैकी समजले जाते. कारखान्यांच्या धुरात राहणाऱ्या कामकरी माणसाला मोकळी हवा मिळावी, हा त्यामागील एक हेतू होता. मुंबईत भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आताचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ साली उघडली गेली. पुण्याच्या पेशवे उद्यानात १९५६ साली 'फुलराणी' ही छोटी आगगाडी धावू लागली, आणि त्या गाडीत बसलेली मुले आज स्वतः आजीआजोबा होऊन नातवंडांना तेथे आणतात. मुलांचा आणि बागेचा संबंध आपल्या भाषेतही उमटलेला आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी आपल्या शिशुशाळेला मुलांची बाग असेच नाव दिले होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले, त्यातून रूढ झालेल्या 'बालवाडी' या शब्दातील वाडी म्हणजेही बागच. शिक्षकबंधूंना हे सांगावयास नको, पण नव्या इमारती बांधताना त्याचा विसर पडतो.

पुन्हा महाराजबागेकडे वळू. जनावरे पाहून झाल्यावर नातीचे लक्ष झाडांकडे जाते. झाडांवर नावांच्या पाट्या असतात, काही मराठीत, काही केवळ शास्त्रीय नावाच्या. वाचावयाचे काम तिच्याकडे आलेलेच असते. पण पाटी वाचून झाडाचे केवळ नाव कळते. पुढचे आजोबा सांगतात: मोहाची फुले चैत्रात पहाटे वेचावी लागतात, कारण ऊन चढले की त्यांची चव उतरते, पळसाच्या पानांची पत्रावळ कशी टोचतात, बहाव्याच्या शेंगेतील गर पोट साफ करण्यास देतात. गुलमोहर मात्र आपल्याकडचा नव्हे, तो मादागास्करहून आलेला. हे आजोबांना माहीत नसते, ते नातीला शाळेत कळलेले असते. असा हा देवघेवीचा व्यवहार चालतो. घरी दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी यांच्यापुढे आजोबांना काही सांगावयास उरत नाही, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. बागेत ती तक्रार काही तास तरी थांबते. येथे नात धावू शकते, आजोबा बसू शकतात आणि तरीही दोघे एकमेकांच्या दृष्टीच्या टप्प्यात असतात. असे ठिकाण घरातही क्वचित असते. शिवाय येथे नाममात्र प्रवेशशुल्कापलीकडे काहीही विकत घेण्याची सक्ती नाही.

मग एका जुन्या चिंचेपाशी आजोबा थांबतात. ते बराच वेळ वर पाहत राहतात. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याला आता पान अन् पान दिसू लागलेले असते. अशीच चिंच त्यांच्या जुन्या घरासमोर होती. ते घर, तो रस्ता आणि ती चिंच धरणाच्या पाण्यात गेली.

गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. त्यानंतर टप्प्याटप्प्याने भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील गावे नव्या गावठाणांत वसली. मोबदला, भूखंड, नोकरी यांविषयीचे प्रश्न अनेक वर्षे गाजले आणि त्यांवर पुष्कळ बोलले व लिहिले गेले आहे. नव्या गावठाणात नागरी सुविधा द्यावयाच्या असतात, त्यांची यादी ठरलेली आहे, आणि ती एकेक करून तपासता येते. शाळेची खोली झाली की खूण करता येते, रस्ता झाला की खूण करता येते. शंभर वर्षांच्या चिंचेची मात्र कोणत्याही यादीत खूण करता येत नाही. नव्या गावाचे रस्ते सरळ आहेत, जुन्या गावापेक्षा रुंद आहेत. पण दुपारी म्हाताऱ्या माणसाने टेकावे कोठे, हा प्रश्न पहिली कित्येक वर्षे राहतो. आजोबांची नात नव्या गावात जन्मली. पार म्हणजे काय, हे तिला पाठ्यपुस्तकातील चित्रावरून ठाऊक आहे. तिने पहिली थोराड चिंच पाहिली ती नागपूरच्या बागेत. आपल्या जिल्ह्यातील मुलीला झाड पाहावयास शहरात जावे लागावे, ही भंडाऱ्यासारख्या वनसंपन्न जिल्ह्याच्या संदर्भात विचार करावयास लावणारी गोष्ट आहे.

बागेतून निघण्यापूर्वी आणखी एक गोष्ट नातीला दाखविण्यासारखी आहे. शहराच्या पश्चिमेकडून येणारी नाग नदी महाराजबागेजवळून वाहते. नाकाला रुमाल लावूनच ती पाहावी लागते. नागपूर हे नाव या नदीवरून पडले असे म्हणतात, पण अनोळखी माणूस तिला नालाच समजेल. हेच पाणी पुढे कन्हानला मिळते, आणि कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते. तेथून ते गोसीखुर्दच्या जलाशयात येते, म्हणजे आजोबांच्या बुडालेल्या गावावर, आणि त्यांच्या नव्या गावाच्या शेजारी. शहरातील बागेच्या कडेने गेलेले पाणी नातीच्या आधी तिच्या गावी पोचते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. जलाशयातील पाण्याच्या प्रदूषणाविषयी वैनगंगेकाठच्या लोकांची तक्रार जुनी आहे व ती रास्त आहे. नाग नदीच्या शुद्धीकरणाची योजना मंजूर झालेली आहे. ती जितक्या लवकर पूर्ण होईल तितके दोन्ही जिल्ह्यांच्या हिताचे. शहराच्या बागेचा आणि खेड्याचा संबंध केवळ सहलीपुरता नाही, हे या नदीइतके स्पष्ट दुसरे कोणी सांगणार नाही.

ज्यांच्याजवळ अधिक वेळ असेल त्यांनी तेलंगखेडीची बाग पाहावी. तीही भोसल्यांच्या काळची असून फुटाळा तलावाजवळ आहे. अंबाझरीचा तलाव त्याहून मोठा. सप्टेंबर २०२३ च्या अतिवृष्टीत तो ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले होते, त्याची आठवण नागपूरकरांना अजून आहे. भंडाऱ्याहून महामार्गाने येणाऱ्यांना डिसेंबर २०२२ पासून एक सोय झाली आहे: शहराच्या पूर्वेस प्रजापतीनगरला मेट्रोत बसले की सीताबर्डीपर्यंत थेट येता येते. मुलांना त्या गाडीचेच कौतुक बागेपेक्षा अधिक वाटते, त्याला इलाज नाही. गोरेवाडा येथील बाळासाहेब ठाकरे आंतरराष्ट्रीय प्राणिउद्यान २६ जानेवारी २०२१ रोजी खुले झाले. तेथे जनावरे विस्तीर्ण आवारात मोकळी असतात व माणसे गाडीत बंद असतात. मात्र ते पाहावयाचे तर स्वतंत्र दिवस काढावा. डोळ्यांच्या तपासणीबरोबर ते जमावयाचे नाही.

आता राहिला तो प्रश्न गावाचा. 'हा कोणाचा?' असे नातीने बागेविषयी विचारले, तसे ती गावातील तलावाविषयी विचारू शकेल. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजातील कसबी माणसांनी उतार पाहून, पाळ घालून हे तलाव बांधले, आणि मालगुजारांच्या काळात त्यांची निगा राखली गेली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव शासनाकडे आले. मालकी लोकांची झाली, हे योग्यच झाले. पण जुन्या व्यवस्थेत गाळ काढावयास आणि पाळ नीट करावयास माणसे कोण लावणार हे ठरलेले होते. नव्या व्यवस्थेत ते बराच काळ ठरले नाही. अनेक तलाव उथळ झाले, पाळीवर काटेरी झुडपे माजली. महाराजबाग लोकांची झाली तेव्हा तिच्याबरोबर माळी, पहारेकरी आणि जबाबदार संस्थाही आली. तलाव लोकांचा झाला, पण माळी आला नाही. दोहोंतील फरक एवढाच आहे.

घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाचे २९ विषय आहेत. त्यांत सामाजिक वनीकरण आहे आणि सामुदायिक मालमत्तेची देखभालही आहे. तेव्हा गावाला बाग नाही याचे कारण अधिकार नाही, असे म्हणता येणार नाही. तलावाची पाळ, शाळेचे आवार, नव्या गावठाणात मोकळा ठेवलेला भूखंड, यांपैकी काहीतरी प्रत्येक गावापाशी असते. मात्र बाग म्हटले की पुष्कळ ठिकाणी प्रथम सिमेंटचे ठोकळे बसविले जातात, रंगीत कमान उभी राहते, तीवर नावे लिहिली जातात, आणि झाडांसाठी जागा उरते ती कुंड्यांपुरती. उन्हाळ्यात त्या ठोकळ्यांवर अनवाणी मुलाला पाय ठेववत नाही. आजोबा-नातीला लागते ते थोडे आहे: सावली, पाठ टेकता येईल असे बाक, पिण्याचे पाणी, जवळपास स्वच्छतागृह, आणि दुपारीही उघडे असलेले फाटक. खेड्यात तर फाटकाचीही आवश्यकता नाही. जनावरांपासून रोपे राखण्यापुरते कुंपण पुरे.

पाट्यांचे काम शाळेने करावे. गावातील वृद्धांना बोलावून प्रत्येक झाडाचे स्थानिक नाव आणि उपयोग मुलांकडून लिहून घ्यावेत. झाडीपट्टीच्या बोलीत झाडांना जी नावे आहेत, त्यांतील कित्येक पुस्तकांत सापडत नाहीत, आणि ती माहीत असणारी पिढी आता पंचाहत्तरीच्या पुढे गेलेली आहे. सहलीच्या वेळीही मुलांबरोबर दोन-चार आजीआजोबांना न्यावे. शिक्षकांवरील भार काही हलका होईल.

सायंकाळी गाडी उमरेड सोडते तेव्हा नात झोपलेली असते आणि तिच्या मुठीत महाराजबागेतील चिंचेखाली वेचलेले चार-पाच चिंचोके असतात. पावसाळ्यात ते शाळेच्या आवारात लावले जातील, उगवतीलही. चिंच उगवावयास काही अडचण नसते. अडचण पुढे येते. रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालावे लागते, आणि विदर्भात ऊन सर्वांत कडक असते तेव्हाच शाळेला दीर्घ सुटी असते. दरवर्षी लावलेली बहुतेक रोपे याच सुटीत वाळतात. तेव्हा मे आणि जून महिन्यांत पाणी कोण घालणार, त्या माणसाचे नाव व त्याची मजुरी ग्रामसभेच्या नोंदवहीत आधी लिहिली जावी. खड्डे त्यानंतर खणावेत.